मोहरमपासून पाच तारखेपर्यंत

जहिरा पहिल्यांदा गावाच्या नजरेत भरली तेव्हा तिचे दोन्ही हात धड होते. सोनईच्या शाळेसमोरून घोडेगावकडे रस्ता जातो. एका सकाळी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन ती त्या रस्त्याच्या कडेला उभी होती. पार दोन शेतं पलीकडून एक बैलगाडी येत होती. बैल म्हातारे आणि गाडीवान पेंगलेला. रस्ता ओलांडून, घरी जाऊन, चूल पेटवून होईपर्यंत ती गाडी शाळेपर्यंत पोचली नसती. तरी जहिरा थांबून राहिली. गाडी आली, गेली, धूळ बसली, तेव्हा कुठे तिने दोन्हीकडे पाहून पाऊल उचललं.

“अगं बये, वलांडायचं हुतं की!” गाडीवान जाता जाता ओरडला होता. “का माझ्या बैलांचं लगीन बघाया उभी राहिलीस?”

शाळेच्या ओट्यावरची पोरं हसली. जहिराही पदराआड हसली, पण जागची हलली नव्हती.

तिचा स्वभावच तसा होता. विहिरीवर ती सगळ्यांत मागे उभी राहायची आणि दोराची गाठ स्वतः ओढून पाहिल्याशिवाय कळशी सोडायची नाही. नवरा दाऊद पिंजारी होता. खांद्यावर कमान टाकून गावोगाव गाद्या-उशांचा कापूस पिंजत हिंडायचा. लग्नानंतर चौथ्या वर्षी तो तापाने गेला, आणि घरात राहिल्या दोघी, जहिरा आणि तिची सासू मुबारकबी. मूलबाळ नव्हतं. मग जहिरा गावाबाहेरच्या जिनात कामाला लागली. कापसातून सरकी वेगळी करणारा तो कारखाना, सगळे त्याला जिनच म्हणत. थंडी पडली की तो सुरू व्हायचा. यंत्रांची रांग, प्रत्येक यंत्रासमोर एक बाई. ढिगातला कापूस हाताने पुढे लोटायचा, फिरता रूळ रुई ओढून घेतो, सरकी खाली पडते. कामाला अक्कल लागत नाही असं मुकादम म्हणायचा. जहिराला ते पटत नसे. रूळ कापूस ओढतो तसा पदरही ओढील, म्हणून ती पदर कमरेला दोनदा खोचायची. शेजारच्या यंत्रावरची केशरबाई तिला चिडवायची, “जहिरे, आणखी एक येढा घे. न्हाईतर जिन तुला लुगड्यासकट मुंबईला पाठवील.”

एवढी जपणारी बाई, आणि तिचाच हात गेला.

दिवस मोहरमचा दहावा होता. दुपारी ताबूत थंड करायला नदीवर जायचे होते. सोनईत तेव्हा ताबुतापुढे अर्धं गाव चालायचं. केशरबाईचा दीरच दरवर्षी सवारी, म्हणजे पंजाची काठी, धरायचा. जहिराने मुकादम गहिनीनाथाकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. तो म्हणाला, “जा की. पण आधी समोरचा ढीग संपीव.” ढीग रोजच्यापेक्षा मोठा होता. जहिराने आयुष्यात पहिल्यांदा घाई केली. लांबून ताशाचा आवाज आला, तिने मान वळवली आणि उजवा हात रुळाखाली गेला.

नेवाशाच्या दवाखान्यातून ती महिन्याने परतली. उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला होता, चारही बोटं गेली होती. गहिनीनाथ खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. खोली जिनाच्याच चाळीतली होती.

“आता असं बघ जहिरा,” तो म्हणाला, “शेठ देवमाणूस हाय. तुला काढणार न्हाई. झाडलोट कर, सरकी गोळा कर. रोज निम्मा मिळंल. निस्तं कुठं अर्ज-बिर्ज करायच्या भानगडीत पडू नगं. समद्याचं बघतील शेठ.”

“अल्ला त्यांचं भलं करो,” मुबारकबी आतून म्हणाली.

जहिराला अर्ज म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. खोली राहिली, निम्मा रोज राहिला, एवढ्यावर तिने सुटकेचा निःश्वास टाकला. खराटा काखेत धरून डाव्या हाताने ती वर्षभर झाडत राहिली. यंत्रांच्या रांगेजवळून जाताना भिंतीला पाठ लावून चालायची.

ते वर्ष सत्तेचाळीसचं. पावसाळ्यात झेंडे बदलले. नंतर दूरदूरच्या बातम्या येऊ लागल्या, आणि त्या ऐकून मुसलमान वस्तीतली माणसं संध्याकाळी लवकर कडी लावू लागली. सोनईत कुणी कुणाला बोट लावलं नाही. तरी निजामाची हद्द तिथून फार लांब नव्हती, आणि अनोळखी माणूस दिसला की बोलणं थांबायचं. जहिराच्या भीतीला आता सोबत मिळाली होती. त्या वर्षीचा मोहरम गुपचूप झाला. ताशे वाजले, पण हळू.

मोहरम होऊन आठवडा झाला असेल. जहिरा जिनाच्या कचेरीमागे सरकीची पोती लावत होती. आत कारकून आणि गहिनीनाथ बोलत होते.

“त्या थोट्या बाईचं नाव अजून किती दिवस हजेरीत चालवायचं?” कारकुनाने विचारलं.

“डिसेंबरची पाच होऊ द्या,” गहिनीनाथ म्हणाला. “शेठनी सांगितलंय. पाच झाली की तिचं काम खलास. खोली बी मोकळी करून घेऊ.”

जहिराच्या हातातलं पोतं तिथंच राहिलं. खोली गेली तर म्हाताऱ्या सासूला घेऊन जायचं कुठं? त्या दिवसांत, दोन मुसलमान बायकांनी, कुठल्या रस्त्याने? दिवसभर ती झाडलेलीच जागा पुन्हा पुन्हा झाडत राहिली. संध्याकाळी केशरबाईने तिला हटकलं.

“काय गं, भूत बघितलंस का?”

जहिराने सगळं सांगितलं. केशरबाई सरकीच्या पोत्यावर बसली आणि कपाळाला हात लावला.

“अगं, आसाराम माझा भाऊ, मुंबईच्या गिरणीत डोळा गेला त्याचा. त्याला भरपाई मिळाली की! कायदाच हाय तसा. कामावर अंग मोडलं तर मालकानं भरून द्यायचं. कोर्टात अर्ज टाकायचा, बास. पर वरसाच्या आत टाकाया लागतोय. वरीस उलटलं की कोर्ट दार उघडत न्हाई, असं त्योच म्हनत हुता.”

जहिरा तिच्याकडे बघतच राहिली. “वरसाच्या आत?”

“व्हय.”

“मग झालं की वरीस. मोहरमच्या दहाव्या दिवशी हात गेला. यंदाचा मोहरम होऊन गेला, आक्का.”

“काय बोलतीस! दत्तजयंतीला तीन दिवस ऱ्हायले हुते तवा. माझा उपास हुता, मला चांगलं ठावं हाय. दत्तजयंती कुठं आलीय आजून? महिना जाईल. पगार होऊ दे, मग जाऊ दोघी नगरला. जिवाला घोर लावून घेऊ नगं.”

घरी मुबारकबीने वेगळंच सांगितलं. “मोहरम गुजर गया, बेटी. वर्ष संपलं. आता कोर्टात गेलीस तर हातचं बी जाईल. शेठचे पाय धर. पाच तारखेनंतर बी खोली ऱ्हाऊ दे म्हन.”

त्या रात्री जहिरा जागीच होती. सासूचं खरं धरलं तर सगळं संपलं होतं. केशरबाईचं खरं धरलं तर महिनाभर निवांत बसता येत होतं. दुसरी कुणी असती तर केशरबाईचं मानून झोपली असती. पण जहिराला दिलासा कधी पटायचाच नाही. समोरून गाडी येत असेल तर ती येतेच आहे, असं तिचं मन सांगे. आणि पाच तारीख येत होती. शेठने पाचच का सांगावी, पगाराचा दिवस तर सात होता, हे तिच्या डोक्यातून जाईना. उत्तर सापडत नव्हतं. जायला हवं एवढंच तिला कळलं.

तरी दोन दिवस गेले. एकदा निघाली तर मुबारकबीने उंबऱ्यात बसून रडायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी घोडेगावच्या फाट्यापर्यंत चालत गेली, तर मोटार बंद पडलेली. चार तारखेला सकाळी, सासू नमाजाला बसली असताना, ती पुन्हा निघाली. केशरबाईने दिलेली भाकरी पदरात होती. “येडी हायस,” केशरबाई म्हणाली होती, “पर जा.”

मोटारीत चढली आणि ती दारातच थबकली. मागच्या बाकावर गहिनीनाथ बसला होता.

“जहिरा? तू कुणीकडं?”

“हात दाखवाया,” ती म्हणाली. “नगरच्या दवाखान्यात.”

“हात तर कवाच बरा झाला की तुझा.”

“थंडीत ठणकतोय.”

गहिनीनाथ हसला. त्याला यंत्राचा पट्टा आणायला पाठवलं होतं. पट्ट्याचा मोडका तुकडा त्याच्या मांडीवर होता आणि तो बोटांनी त्याच्याशी चाळा करत होता. “ठणकनारच. थंडी लई वाईट. बस, हितं बस पुढं.”

ती पुढे बसली. त्याची नजर मानेवर जाणवत होती. वाटेत पोलिसांनी मोटार थांबवली. निजामाकडून येणाऱ्या गाड्यांची तेव्हा झडती व्हायची. एक शिपाई आत चढला. जहिराला पाहून त्याने विचारलं, “कुठली गं तू? तिकडची का?”

जहिराने थोटा हात पदराखाली ओढला. इथे उतरवलं तर आजचा दिवस गेला, आणि उद्या पाच.

“सोनईची हाय ती,” मागून गहिनीनाथ म्हणाला. “आमच्या जिनातली. शेठच्या खोलीत ऱ्हाती.”

शिपाई उतरला. मोटार हलली. गहिनीनाथ पुढे वाकून हळू आवाजात म्हणाला, “शेठच्या खोलीत ऱ्हाती, ध्यानात हाय न्हवं? दवाखान्यातून सरळ परत ये.”

नगरला उतरल्यावर ती खरोखरच दवाखान्याच्या दिशेने चालत गेली. माळीवाड्याच्या गर्दीत वळून पाहिलं. गहिनीनाथ दिसला नाही. तरी एका फुटाण्याच्या दुकानाआड ती बराच वेळ उभी राहिली. मग एका म्हाताऱ्या टांगेवाल्याला कोर्टाचा रस्ता विचारला.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली दोन-तीन वकील खुर्च्या टाकून बसले होते. त्यांतला एक रंगनाथराव. कोट कोपरावर विरलेला, टोपी मात्र इस्त्रीची. जहिरा त्यांच्यासमोर आली आणि तशीच उभी राहिली. शेवटी त्यांनीच वर पाहिलं.

“काय बाई, काय काम?”

तिने पदराखालून हात काढून दाखवला.

रंगनाथरावांनी चष्मा सारखा केला. “कधी झालं हे?”

“वरीस होऊन गेलं, वकीलसाहेब. मोहरमच्या दहाव्या दिवशी. जिनात.” एवढं बोलून ती रडायला लागली. “मला ठावं हाय आता काय व्हत न्हाई. कोर्ट दार उघडत न्हाई. पर परवापासून खोली बी जाणार. तेवढी तरी ऱ्हाईल असा काही कायदा हाय का, ते विचाराया आले.”

“बसा आधी. खाली नका बसू, इकडे बाकावर बसा. वर्ष होऊन गेलं असं कुणी सांगितलं?”

“कुणी सांगाया कशाला? मोहरम झाला की यंदाचा. केशरआक्का म्हनती दत्तजयंतीपतुर मुदत हाय. पर ती आपली धीर द्याया म्हनती.”

रंगनाथराव हसू लागले होते, ते थांबले. “आणि खोली परवापासून जाणार, हे कुणी सांगितलं?”

“कुणी सांगितलं न्हाई, मी ऐकलं. पाच तारीख झाली की काढा म्हनून शेठनी सांगितलंय.”

“पाच? डिसेंबरची पाच?”

“व्हय.”

वकिलांनी दौत पुढे ओढली. “बाई, तुमच्या शेठला तुमच्यापेक्षा चांगलं मोजता येतं. सरकार मोहरमचं वर्ष धरत नाही. तुमचं वर्ष चंद्रावर चालतं, ते लवकर संपतं. दहाअकरा दिवस कमीच असतात त्यात. तुमच्या केशरबाईंचंही चंद्रावरच, पण यंदा अधिक महिना आला, श्रावण दोनदा झाला, म्हणून दत्तजयंती लांबली. त्यांचं ऐकून थांबला असता तर गेलं असतं सगळं. सरकारचं वर्ष इंग्रजी तारखेचं. गेल्या साली तुमचा हात गेला ती तारीख पाच डिसेंबर असणार, नाहीतर शेठने पाचच कशाला धरली असती? वर्ष उलटून जाईपर्यंत तुम्हाला कामावर ठेवून गप्प बसवायचं होतं.”

जहिराला सगळं समजलं नाही. एकच समजलं. “म्हंजे आजून हाय?”

“उद्यापर्यंत आहे. पण आपण उद्याची वाट पाहायची नाही. चंद्र कुठं एक दिवस आधी दिसला असं त्यांचा वकील म्हणाला तर तारीख चारच ठरेल. आजच देऊ.”

त्यांनी अर्ज लिहिला. लिहिताना एकेक गोष्ट विचारत होते, आणि प्रत्येक उत्तराआधी जहिरा मागे वळून आवाराच्या फाटकाकडे पाहत होती. दाऊदचं नाव, जिनाचं नाव, दवाखान्यात किती दिवस होती, रोज किती मिळायचा. मुकादमाचं नाव आलं तेव्हा ती म्हणाली, “त्याचं नाव नगा घालू. त्यानं शिपायाला मला मोटारीतनं उतरवू दिलं न्हाई.”

“त्यानेच तुम्हाला ढीग संपवायला लावला ना?”

“व्हय.”

“मग नाव घालावं लागेल.”

डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवून तिने उठवला. आत कारकून जेवायला गेला होता. त्याची खुर्ची रिकामी होती. तो परत येईपर्यंत ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, बस म्हटलं तरी बसली नाही. कारकून आला, दात कोरत, अर्ज उलटापालटा करून पाहिला आणि शिक्का मारला. रंगनाथरावांनी तिला शिक्का दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, पण ती त्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

“फी द्यायची सोय न्हाई माझ्याकडं,” ती म्हणाली.

“निकालानंतर बघू. आता मोटार गाठा.”

घरी येऊन तिने सासूला काहीच सांगितलं नाही. पाच तारीख गेली. तो दिवस जहिराला आयुष्यातला सगळ्यांत मोठा दिवस वाटला. सहा तारखेला सकाळी ती खराटा घेऊन जिनाच्या फाटकाशी गेली, तेव्हा गहिनीनाथ तिथेच उभा होता.

“उद्यापासून नगं येऊ, जहिरा. आणि खोली...”

“अर्ज दिलाय मी,” जहिरा म्हणाली. तिने खराटा काखेत घट्ट धरला. “परवा दिलाय. कोर्टात. शिक्का बी मारला.”

मागे यंत्रं चालू होती, त्यांच्या आवाजात गहिनीनाथाचे शब्द हळू आले. “म्हंजे तू दवाखान्यात गेलीच न्हाईस.”

“न्हाई.”

“माझं नाव घातलंस?”

“घातलं.”

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शेठला हे कुणी सांगायचं, याची धास्ती होती. जहिराने ती लगेच ओळखली. तशी धास्ती तिने रोज पाहिली होती, पाण्याच्या घागरीत वाकून पाहताना, स्वतःच्याच चेहऱ्यावर. ती वळून घराकडे निघाली. दोनदा मागे पाहिलं, पण थांबली नाही.

खोली त्याच आठवड्यात गेली. मुबारकबीने तिला खूप बोल लावले, “तुला सांगितलं हुतं,” असं वाटेत प्रत्येक झाडाखाली म्हणत राहिली. केशरबाईने एक गाडी ठरवून दिली आणि त्या दोघी नगरजवळ भिंगारला मुबारकबीच्या बहिणीकडे आल्या. तारखा पडत राहिल्या. प्रत्येक तारखेला जहिरा सगळ्यांच्या आधी कोर्टात पोचायची आणि बाकाच्या अगदी टोकाला बसायची. शेठच्या वकिलाने मुदत संपल्याचा मुद्दा काढलाच. त्यावर गहिनीनाथाला साक्षीला बोलावलं. त्याने इकडे तिकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं, आणि म्हणाला, “ताबूत थंड व्हायच्या दिवशी झालं, साहेब. समद्या गावाला ठावं हाय. मी काय दुसरं सांगू?” न्यायाधीशांनी पंचांग मागवलं, त्यात तो दिवस पाच डिसेंबर निघाला. अर्ज मुदतीत ठरला.

पुढे गहिनीनाथाचंही काम गेलं, असं केशरबाईने एकदा कळवलं. जहिराने त्या दिवशी जेवण केलं नाही.

भरपाई आली, ती फार मोठी नव्हती. रंगनाथरावांची फी दिली, मुबारकबीच्या डोळ्यांवर उपचार केले, आणि उरलेल्यातून जहिराने शेळ्या घेतल्या. सध्या ती भिंगारच्या जुन्या बाजारामागे दोन खोल्यांत सासूबरोबर राहते आणि सकाळी लष्कराच्या छावणीतल्या तीन घरी शेळीचं दूध घालते.